बघ्यांवर रेघ

माझ्या सासूबाईंनी माझ्यामुळे घर सोडलं, ही हकीकत आमच्या गल्लीत आता निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितली जाते आणि सगळ्या तऱ्हांत दोषी मीच ठरते. घर सोडून त्या गेल्या कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या तिसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर गेल्या. आणि कशावरून, तर सोडियमवरून. जमिनीवरून, बांगड्यांवरून, लग्नात कुणाला आधी वाढलं यावरून आमच्या झगाझीग शहरात घरं फुटलेली मी पाहिली आहेत. सोडियमवरून फुटलेलं हे पहिलंच. विज्ञानाचा प्रसार माझ्या हातून झाला तो असा.

मी केमिस्ट्रीची शिक्षिका. लमीस झाली तेव्हा बालसंगोपनाची रजा घेतली, मग ती वाढवली, आणि एके सकाळी मुलूखियाच्या भाजीला लसणाची फोडणी देता देता माझ्या लक्षात आलं की गंधकाम्लाचं सूत्र आठवायला मला विचार करावा लागतोय. हातातला झारा खाली ठेवला आणि ठरवलं, कामावर परत जायचं.

ठरवणं सोपं असतं. शिक्षण खात्याच्या कचेरीत मदाम अवातिफ बसतात. त्यांनी माझे कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "मूल असल्याचा दाखला?"

"ही काय," म्हणून मी कडेवरची लमीस पुढे केली.

मदामनी चष्म्यावरून तिला नीट न्याहाळलं. "हिच्यावर गरुडाचा शिक्का नाही."

आमच्याकडे सरकारी कागदावर गरुडाचा शिक्का नसेल तर तो कागद भजी बांधायच्या लायकीचा. "मग गरुड कुठे असतो?" मी विचारलं.

"गरुड नमाजाला गेलाय. उद्या या."

उद्या गेले तर गरुड जेवायला गेला होता. परवा तो बन्हा गावाला कुणाच्या तरी मयतीला. शेवटी तो सापडला मदामच्याच खणात, टामियाच्या वड्यांच्या सँडविचखाली. शाई वाळली आहे की नाही यावर मदाम आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वाद घालत असताना लमीसनं तो उचलला आणि स्वतःच्या कपाळावर ठाम दाबला. शाई वाळलेली नव्हती. त्या दिवशी माझे कागद तिथेच राहिले, पण आमच्या घरी एक व्यक्ती पूर्णपणे शासनमान्य होऊन परतली. बसमधल्या एका आजोबांनी तिला उठून जागा दिली.

कागद मागाहून झाले. शाळेत गेले तर मुख्याध्यापिका अब्ला नाहिद म्हणाल्या, "तुझ्या जागेवर आता दुसरे गृहस्थ शिकवतात. तुला वाचनालय देते. शांत असतं. कुणी येत नाही." (अब्ला ही आमच्याकडे शिक्षिकेला मारायची हाक आहे. त्या शब्दावरून बाईंची दया येण्याचं कारण नाही.)

"आणि पुस्तकं?"

"तीही फारशी नाहीत."

मी गयावया केली. इथेच माझ्या लाजिरवाण्या प्रवासाला सुरुवात झाली म्हणायची. अब्ला नाहिदनी उसासा टाकून सांगितलं, "रविवारी खात्याचे निरीक्षक उस्ताद फिक्री येणार आहेत. त्यांच्यासमोर एक पाठ घे. त्यांनी मान डोलावली तर दुसऱ्या वर्षाच्या मुली तुझ्या. नाहीतर वाचनालयाची किल्ली. विषय आम्ल आणि आम्लारी, निव्वळ आयनिक समीकरणं. जमेल?"

"त्यात काय आहे!" मी म्हणाले.

ज्यांनी शाळा सुटताच केमिस्ट्रीकडे पाठ फिरवली त्यांना सांगते, निव्वळ आयनिक समीकरण म्हणजे भांडणाचा निकाल. आम्ल आणि आम्लारी एका भांड्यात आले की पाण्यात सगळेजण आपापल्या जोडीदाराचा हात सोडून मोकळे फिरू लागतात. हायड्रोजन, क्लोराइड, सोडियम, हायड्रॉक्साइड. त्यातले हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड एकमेकांना मिठी मारतात आणि त्यांचं पाणी होतं. उरलेले दोघे आले तसे तरंगत राहतात. त्यांना म्हणायचं बघे आयन. त्यांच्यावर डावीकडे रेघ मारायची, उजवीकडे रेघ मारायची, आणि जे उरेल ते खरं समीकरण. पथ्य एकच. आम्ल कमकुवत असेल, व्हिनेगरसारखं, तर ते फोडायचं नाही. बलवान आम्लं पाण्यात पार फुटतात, कमकुवत मात्र अख्खी राहतात. हे पथ्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सरावाला फळा हवा होता. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर छान पांढऱ्या फरशा आहेत. पेन माझ्या नवऱ्यानं, शिहाबनं, त्याच्या ऑफिसातून आणून दिलं. शिहाब पाणीपुरवठा खात्यात आहे. आमच्या इमारतीला पाणी कधीच वेळेवर येत नाही, आणि जिन्यात जो भेटेल तो त्यालाच जाब विचारतो. सकाळ झाली की तळापासून गच्चीपर्यंत एकच आरोळी असते, "मय्या आली का? शिहाब, मय्या कधी येणार?" पाण्याला आमच्याकडे मय्या म्हणतात. त्यामुळे आमच्या लमीसनं आयुष्यात पहिला शब्द उच्चारला तो आई नव्हे, बाबा नव्हे, मय्या. दूध दिसलं की मय्या. चेंडू हवा असला की मय्या. झोप आली की डोळे चोळत, ओठ काढून, अगदी हळू, मय्या. आणि रविवारच्या पाठासाठी मी तिला सोपवलं होतं सासूबाईंकडे.

सासूबाईंचं नाव एतिदाल. म्हणजे समतोल. आम्ल आणि आम्लारी भिडून शांत होतात त्या क्रियेला आम्ही वर्गात 'तआदुल' म्हणतो. तो शब्द या नावाचा सख्खा भाऊच. सासूबाई स्वतः मात्र शांत होण्यासाठी कुणालाही न भिडता बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीवर बसतात. बसतात म्हणजे गल्ली त्यांच्या नजरेखाली चालते. कोण कुणाकडे गेलं, केव्हा परतलं, रिकाम्या हातानं की पिशवी घेऊन, हे त्यांच्या नोंदीशिवाय घडत नाही. हज करून आल्यापासून सगळे त्यांना हाजा म्हणतात. आणि त्यांचा एक कान जरा मंद आहे. कुठला, ते त्या सोयीनं ठरवतात.

तर मी फरशीवर समीकरण मांडलं आणि झारा छडीसारखा हातात घेऊन, समोर मुली आहेत अशा थाटात, खणखणीत आवाजात सुरू झाले. "मुलींनो, तआदुल झालं की आंबटपणा जातो, कडवटपणा जातो. आता बघे कोण ते ओळखा! जे आले तसे बसले, कुणाशी जुळले नाहीत, कामाला हात लावला नाही, नुसते बघत राहिले! त्यांचा काही उपयोग आहे का? नाही! मग दोन्हीकडून खोडा त्यांना! बाहेर काढा!" आणि फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बघ्यांना खोडा', खाली दोन रेघा.

मागे वळले तर दारात सासूबाई.

"एतिदालचं काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"हाजा, एतिदाल नाही, तआदुल. केमिस्ट्री आहे."

"वाचता येतं मला," त्या म्हणाल्या. "बघ्यांना खोडा." आणि बाल्कनीत जाऊन खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसल्या. सगळ्या गल्लीला दिसेल अशा.

मी फरशी पुसायला धावले. पुसेना. साबण लावला, लिंबू लावलं, तारेची घासणी लावली. शिहाब आला तेव्हा म्हणाला, "अगं, ते आम्ही जमिनीखालच्या नळांवर खुणा करायला वापरतो. पाण्यानं गेलं तर खात्याला काय उपयोग?" पाणीपुरवठा खात्याची टिकलेली अशी ही एकच वस्तू मी पाहिली.

इमारतीत बातमी पसरायला भिंतीकडे वळलेली खुर्ची पुरेशी असते. संध्याकाळच्या चहाला चौथ्या मजल्यावरच्या सौसनताई हजर. पाठोपाठ इमारतीच्या मालक संघाचे अध्यक्ष, निवृत्त ब्रिगेडियर रिफअत. त्यांनी आधी फरशीची पाहणी केली.

"समोरून माफी मागू नकोस," ब्रिगेडियर म्हणाले. "समोरचा हल्ला नेहमी महागात पडतो. बाजूनं वेढा घाल."

"वेढा कसला घालताय? म्हातारं माणूस आहे," सौसनताई म्हणाल्या. "गोड पाज तिला. थंडगार करकदे कर. माझ्या मावसबहिणीची सून नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, एक पेला करकदे पिऊन बॅग उघडली तिनं."

"मग राहिली?"

"नाही गं, बॅगेत शाल ठेवायची राहिली होती. पण प्यायली तर खरी!"

शिहाबचं मत पडलं की पाणी आलं म्हणजे सगळं आपोआप नीट होईल. त्याचं प्रत्येक बाबतीत हेच मत असतं.

मी करकदे केलं. अंबाडीच्या लाल फुलांचं ते सरबत आमच्याकडे लग्नातही देतात आणि रुसव्यातही. ब्रिगेडियर, सौसनताई, शिहाब, सगळे दिवाणखान्यात जमले. सासूबाई आल्या त्या हजला नेलेला पांढराशुभ्र झगा घालून. म्हणजे समेट करायचा त्यांनीही ठरवलं होतं, हे मला आज कळतं. मी सगळ्यांच्या देखत साखरेच्या बरणीतून चमचे घातले आणि ढवळलं.

ती साखरेची बरणी होती. साखर नव्हती. पाठासाठी न्यायचा, टामियाच्या पिठात घालतात तो खायचा सोडा मीच सकाळी त्यात भरून ठेवला होता.

सरबत फसफसलं, जांभळं पडलं, आणि बघता बघता कावळ्याच्या मानेसारखं काळपट निळं-हिरवं झालं.

अशा वेळी शहाणी बाई काय करेल? रडेल. पाय धरेल. निदान सरबताचं भांडं उचलून आत नेईल. मी काय केलं? मी शिकवायला लागले. "घाबरू नका! हा नुसता आम्लारीचा गुण आहे. आम्ल घातलं की परत लाल होतं, बघा!" आणि स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणून सबंध त्यात ओतली. फेस उसळला, भांड्याच्या काठावरून उतरला, टेबलावरून धावला आणि हजच्या पांढऱ्या झग्यावर जाऊन विसावला.

"लाल झालं!" मी आनंदानं ओरडले. "बघा, बघा, लाल झालं!"

आणि खरंच झालं होतं. मांडीपासून गुडघ्यापर्यंत.

सासूबाई उठल्या. शिहाबला म्हणाल्या, "आधी भिंतीवरून खोडलं, आता विष घालून पाहिलं, मग आंबवून. शिकलेली बाई आहे, एकेक पायरी नीट करते." आणि आपली उशी, पोथीएवढा रेडिओ आणि वेताची खुर्ची घेऊन वर सौसनताईंकडे निघून गेल्या. खुर्ची ब्रिगेडियरनी उचलून नेली. ते म्हणाले, "माघारीतही शिस्त हवी."

तुम्हाला वाटेल, एकच तर मजला. पण रुसलेलं माणूस दुसऱ्या गावी गेलं तर निदान डोक्यावर चालत नाही. सासूबाईंची पावलं मला दिवसभर ऐकू येत. त्या बाल्कनीत बसल्या की वेत करकरायचा, आणि मी भांडी घासता घासता मान खाली घालायची. माफी मागायला जिना चढायचे, दारापर्यंत जायचे, आतून रेडिओ मोठा व्हायचा, उतरायचे. आणि रोज न चुकता वरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, आमच्या बाल्कनीसमोर थांबायची. तिच्यात लमीससाठी उकडलेलं अंडं, सोललेली काकडी, कधी भाताची खीर. माझ्यासाठी शब्द नाही. लमीस टोपलीला दोन्ही हात लावून वर बघत म्हणायची, "मय्या!" आणि वरून सासूबाईंचा आवाज यायचा, "माझं सोनं गं!" मी मधे उभी. दोरी माझ्या नाकासमोरून वर जायची.

रविवार उजाडला. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची, रविवारी शाळा भरते. सकाळी टोपली आलीच नाही. वाट बघायला मला सवड नव्हती. लमीसला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. लमीस मागे वळून वरच्या बाल्कनीकडे हात हलवत राहिली. मी वर बघितलं नाही. लाज वाटत होती, हे खरं कारण. उशीर होत होता, हे सांगायचं कारण.

शाळेत गेले तर प्रयोगशाळेच्या कपाटाला लाल लाख. वार्षिक मोजदाद चालू. मदतनीस म्हणाला, "मिस इनास, आम्लं सगळी आत आहेत. समिती येईपर्यंत कपाट उघडता येत नाही."

"समिती कधी येणार?"

"ती मोजदाद झाल्यावर ठरतं."

कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची, एक बाटली तेवढी बाहेर, उंच खिडकीत राहिली होती. आम्लारी आहे, आम्ल नाही. अर्धं भांडण घेऊन वर्गात कसं जायचं? तेवढ्यात आठवलं, पिशवीत व्हिनेगर आहे. करकदेच्या गोंधळानंतर आणलेली नवी बाटली मी पिशवीतून काढलीच नव्हती. वाटलं, देवच पावला! आम्ल ते आम्ल. मनातल्या मनात हायड्रोक्लोरिकच्या जागी व्हिनेगर घातलं आणि वर्गात शिरले.

पांढऱ्या रुमालांतल्या मुली, शेवटच्या बाकावर उस्ताद फिक्री, शेजारी अब्ला नाहिद. वाचनालयाची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली होती. आठवण राहावी म्हणून असेल. लमीसला पहिल्या बाकावरच्या मुलीनं मांडीवर घेतलं आणि खडूचा एक तुकडा दिला. ती शांत बसली, माझी गुणी बाय.

पाठ रंगला. खरंच रंगला, हे सांगताना मला अजून लाज वाटते, कारण रंगला तो चुकीचा. व्हिनेगरचं सूत्र लिहिलं आणि पाठ केलेल्या ओघात त्याला फोडून टाकलं. हायड्रोजन इकडे, उरलेला भाग तिकडे. सोडियमवर रेघ. व्हिनेगरच्या उरलेल्या भागावरही रेघ, जोरात, खडू मोडेपर्यंत. ज्याला मुळी फोडायचंच नव्हतं त्याला मी फोडलं आणि वर बघ्या ठरवून हाकललं. मग हात झटकून, निरीक्षकांकडे एक ओझरता कटाक्ष टाकून विचारलं, "तर मुलींनो, शेवटी काय मिळालं?"

निरीक्षक बसलेले असताना मुली काय बोलणार?

"सगळ्यांनी भांडून, शेवटी हाती काय आलं?" मी पुन्हा विचारलं.

"मय्या!"

सगळा वर्ग वळला. लमीस बाकावर उभी राहिली होती, पांढरं झालेलं बोट दाराकडे करून. "मय्या! मय्या!"

दारात सासूबाई होत्या. धापा टाकत, काळा अबाया एका बाजूला घसरलेला, आणि हातात लमीसची सशाचं चित्र असलेली पाण्याची बाटली. मी ती घरी विसरले होते. माझ्या खांद्याला पिशवी आहे आणि पिशवीला बाटली नाही, हे चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून ज्यांना दिसलं त्या बाई तशाच जिना उतरून, आमच्या घरातून ती उचलून, दुखऱ्या गुडघ्यांनी, रिक्षा न मिळता, शाळेपर्यंत आल्या होत्या.

उस्ताद फिक्री उठले आणि टाळ्या वाजवल्या. "उत्तर बरोबर! पाणीच मिळतं. छोट्या मिस पास." मुली खो खो हसल्या. मग ते फळ्याजवळ आले, हात मागे बांधून उभे राहिले. "मोठ्या मिसना मात्र एक शंका विचारतो. हे व्हिनेगर इतकं बलवान कधीपासून झालं?"

मी फळ्याकडे बघितलं.

काय सांगू? करकदेचा लाल रंग मी पाहिला आहे. त्याहून लाल असा एक रंग आहे, तो माझ्या कानांना आला. वाटलं, खडूच्या धुळीत मिसळून खाली बसावं. मुली हसत होत्या त्या आता थांबल्या. हसत राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय केलं हिनं?" दारातून सासूबाईंनी विचारलं. चांगल्या कानाची बाजू वर्गाकडे होती.

"हाजा, तुमच्या सुनेनं व्हिनेगर फोडलं," उस्ताद म्हणाले.

"बाटली?"

"नाही हो. समीकरणात."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या झग्यावर ओतलं त्यापेक्षा फळ्यावर बरं."

लाजेतही आम्लांसारखे दोन प्रकार असतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. एक कडक लाज. ती पार फुटते, रडून पाणी होऊन जाते. दुसरी मवाळ, ती फुटत नाही. ती अख्खीच्या अख्खी आत राहते, वर्षानुवर्षं, चहात साखर घालतानासुद्धा. मला वाटलं होतं, माझी पहिल्या प्रकारची असेल. नव्हती. डोळ्यांत टिपूसही आलं नाही. मी डस्टर उचललं.

"मुलींनो, मी चुकले," मी म्हणाले. "व्हिनेगर कमकुवत आहे. कमकुवत आम्ल फोडायचं नसतं, ते अख्खं लिहायचं. मी त्याला फोडलं, आणि ज्याच्यावर रेघ मारायची नाही त्याच्यावर मारली." पुसलं. पुन्हा लिहिलं. अक्षर लमीसनं काढल्यासारखं येत होतं.

"आता बघ्या कोण?" उस्तादांनी विचारलं.

"सोडियम. एकटाच."

"मग हा कशाला आला होता? पाण्यात याचा वाटा नाही. जो तो याला खोडतो."

पुस्तकात याचं उत्तर चार ओळींचं आहे आणि ते मला पाठ होतं. पण माझी नजर दाराकडे गेली. सासूबाई तिथेच दाराला टेकून खाली बसल्या होत्या आणि लमीसला पाणी पाजत होत्या. हनुवटीखाली आपल्या अबायाचं टोक धरलेलं, थेंब सांडू नये म्हणून.

"सर, हायड्रॉक्साइड एकटं बाटलीत राहू शकत नाही," मी म्हणाले. "कुणीतरी धरून आणावं लागतं त्याला. ते यानं आणलं. सगळं होईपर्यंत हा तिथेच असतो, आणि झाल्यावरही असतो. आपण रेघ मारतो ती कागदावर. भांड्यातून तो जात नाही."

सासूबाईंनी ऐकलं की नाही, ते मला कळलं नाही. त्या झाकण लावत होत्या.

निकाल असा लागला. दुसऱ्या वर्षाच्या मुली मला मिळाल्या, पण पुढच्या रविवारी पुन्हा पाठ, उस्ताद फिक्रींसमोर, विषय कमकुवत आम्लं. अब्ला नाहिदनी किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. जाता जाता म्हणाल्या, "मी ती तशी जवळच ठेवते."

घरी परतताना सासूबाई लमीसचं बोट धरून पुढे, मी मागे. जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, वरच्या पायऱ्यांकडे बघितलं.

"गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या आणि आमच्या दारातून आत गेल्या.

खुर्ची ब्रिगेडियरनी खाली आणून दिली. माझी मात्र सुटका नाही. शाळेत काय झालं ते सासूबाईंनी बाल्कनीतून एकदाच सांगितलं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं. आता भाजीवाला विचारतो, "मिस, आज काय फोडलंत?" सौसनताई जिन्यात भेटल्या की लमीसला म्हणतात, "उस्ताद लमीस, आईचा अभ्यास घेतलात का?" शिहाब जेवताना व्हिनेगरातल्या लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवतो तेव्हा त्याचा खालचा ओठ दाबलेला असतो, आणि ते मला दिसतं.

पुढच्या पाठाच्या तयारीला मी परत शेगडीजवळ उभी राहिले. जुनं समीकरण फरशीवर तसंच होतं. त्याच्या शेजारी नवं लिहायला घेतलं. लमीस पायाशी डबे वाजवत होती. बाल्कनीत वेत करकरला, आणि थोड्या वेळानं सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"यातली मी कोण?" त्यांनी विचारलं.

म्हणजे वर्गात ऐकलं होतं तर. मी बोट ठेवलं. "हा. सोडियम."

"याच्यावर आता रेघ मारणार?"

"मारावी लागते, हाजा. नियम आहे."

लमीसनं त्यांचा झगा ओढला, तोच, गुलाबी डागांचा. सौसनताईंनी दोनदा धुऊनही डाग गेले नाहीत, आणि नवा शिवून देते म्हटलं तर त्या ऐकत नाहीत. त्यांनी तिला उचलून घेतलं.

"मार रेघ," त्या म्हणाल्या. "पण पुसू नकोस."

"पुसता येत नाही, हाजा," मी म्हणाले. "पेन पाणीपुरवठ्याचं आहे."